ऐकल्यापासून सुतक

आंबवड्यात कुणाच्या घरी माणूस गेलं की पुरुष लाकडांच्या मागे लागायचे आणि बायका धोंडाबाईच्या. तिला बोलावणं यायचं ते गेलेल्यासाठी नव्हे, मागे राहिलेल्यासाठी. "आवो, बाई रडंना झालीया. नुसती टकामका बगती. तुमी चला," एवढं कानावर आलं की धोंडाबाई हातातलं पीठ परातीत झटकून, डोक्यावर पदर घेऊन निघायची. सुईण पोटातलं पोर बाहेर काढते, तसं ही पोटातलं रडणं बाहेर काढायची. गावानं तिला नावही ठेवलं होतं, रडवी धोंडाबाई. तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे, कारण कुणाला कधी तिची गरज लागेल ते सांगता येत नाही.

ज्याचं माणूस गेलं त्याला रडवलं पाहिजे, ही त्या भागातली जुनी रीत. नाही रडलं तर दुःख आत जाऊन बसतं, आणि आत बसलेलं दुःख पावसात भिजलेल्या पेंढ्यासारखं असतं, वरून कोरडं दिसतं आणि खाली कुजत जातं. काही बायका त्यासाठी गालात मारतात, चिमटे काढतात, छाती बडवून हेल काढतात. धोंडाबाईला हे असलं काही लागत नसे. ती शेजारी बसायची, हात हातात घ्यायची आणि एखादी अगदी साधी गोष्ट विचारायची. गेनबा गेला तेव्हा त्याची बायको मयताच्या घरात अंगण झाडत सुटली होती, खराटा कुणाला देईना. धोंडाबाईनं तिला एवढंच विचारलं, "गेनबा चहात साखर किती घ्यायचा गं?" ती म्हणाली, "तीन चमचं. काल साखर संपत आलीवती म्हणून म्या दोनच—" आणि तिच्या हातातून खराटा गळून पडला. ती जी रडली ती संध्याकाळपर्यंत रडली.

हे शहाणपण धोंडाबाईनं फुकट मिळवलं नव्हतं. तिचं पहिलं पोर आठ महिन्यांचं होऊन गेलं तेव्हा ती जात्यावर बसली होती आणि नाचणी संपली तरी रिकामं जातं फिरवत होती. तिच्या सासूनं पोराची कुंची आणून तिच्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "रड. गेलेल्यापायी न्हाई, फुडचं पोर हसून घेता यावं म्हनून रड." ती रडली. दोन वर्षांनी मानसिंग झाला, त्याच्यावर मंदा झाली, आणि धोंडाबाई दोघांनाही खळखळून हसत खेळवू शकली. पुढे नवरा गेला, तेव्हाही ती रीतसर रडली आणि रीतसर उठून शेताला लागली. घरात सुख नांदायचं असेल तर दुःखालाही पाट मांडून बसवावं लागतं, असं ती म्हणायची. आणि एवढं सगळं कळणाऱ्या या बाईनं पुढे जे केलं ते एखाद्या अडाण्यालाही शोभलं नसतं.

मानसिंगला बायको केली ती वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतली. सगुणा नाव. बाप कोंडिबा, भाऊ भिमा, आई लहानपणीच गेलेली. ही पोरगी म्हणजे उघडा मामला. हसायची ती शेजारच्या आळीत ऐकू जाईल अशी, भांडायची सासूशी तोंडावर, आणि वासरू मेलं म्हणून दोन दिवस जेवली नाही. "काय बाई तोंड हाय, भोंगा हाय का काय," धोंडाबाई म्हणायची, पण तिला ती आवडायची. स्वतःच्या लेकीपेक्षा काकणभर जास्तच, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्र्याण्णवच्या दिवाळीत सगुणा माहेरी गेली आणि बापाशी भांडून आली. लग्नात आंदण म्हणून जी कालवड द्यायची कबूल केली होती ती कोंडिबानं न विचारता विकली होती. सगुणानं तिला दावणीला आपल्या हातानं वाढवलेलं. रागाच्या भरात ती बापाला म्हणाली, "आता मेल्याबिगर तुमचं त्वांड बगायची न्हाई." परतीच्या एसटीतच तिला पश्चात्ताप झाला. घरी येऊन सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "जाशील उन्हाळ्यात. बापलेकीचं भांडण ते, पाण्यावरची रेघ," धोंडाबाईनं तिला थोपटलं.

उन्हाळ्यात मंदाचं लग्न निघालं. नवऱ्याकडची माणसं खेड-शिवापूरकडची, घर चांगलं, पण शकुन-अपशकुनाच्या बाबतीत भारी कडक. एकदा त्यांच्या भावकीत कुणी गेलं म्हणून धरलेली तारीख मोडली होती आणि तेव्हापासून त्यांच्यात कुजबुज होती, की ही पोरगी लाभायची नाही. दुसऱ्यांदा काही आडवं आलं तर सोयरीकच मोडायची. धोंडाबाई महिनाभर जीव मुठीत धरून होती.

हळदीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शफी आला. आंबवड्याच्या स्टँडवर त्याचं सायकलचं दुकान आणि त्यातच गावातला एकमेव फोन. कुणाचा निरोप आला की तो हातातलं पंक्चर सोडून पळत पोचवायचा. मांडवात बायकांची झुंबड होती. सगुणा मंदाला हळद लावता लावता स्वतःच नखशिखांत पिवळी झाली होती आणि कुणाला तरी उखाण्यात अडकवून खदाखदा हसत होती. शफीनं धोंडाबाईला बाजूला, गोठ्याच्या आडोशाला बोलावलं.

"काकी, वेल्ह्यावरनं भिमाचा फोन व्हता. सगुणावहिनींच्या वडलांचं काय खरं न्हाई. दोन दिस झालं अन्न सुटलंय. भिमा म्हनला, आप्पांचा निरोप जसाच्या तसा सांगा. 'सगीला म्हनावं, म्या रागावलो न्हाई. एकडाव येऊन जा.' वहिनींना हाक मारू का?"

"नगं. म्या सांगते."

"लगेच सांगा काकी. अकराची गाडी गावली तर दुपारच्याला पोचतील."

"व्हय व्हय. तुमी जावा. उद्या जेवाय या दोगं, खुर्शिदाला घेऊन."

शफी गेला आणि धोंडाबाई गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवस. घरची एकुलती सून सुतकात म्हणजे तिचा हात ना चुलीला, ना देवाला, ना नवरीला. आणि मग ते खेड-शिवापूरकर. पण सुतकाचा एक नियम धोंडाबाईला पक्का ठाऊक होता, गावात तीच सगळ्यांना सांगायची. सुतक मेल्यापासून लागत नाही, ऐकल्यापासून लागतं. कानावर पडलं नाही तर सुतक नाही. शिवाय कोंडिबा यापूर्वी दोनदा असाच गेला-गेला म्हणून गोतावळा गोळा झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं उठून भाकरी मागितली होती. म्हातारं चिवट आहे. आज हळद, उद्या अकरा पस्तीसचा मुहूर्त. परवा पहाटेच्या गाडीनं पोरीला लावून देऊ. आणि ती बघ कशी हसतेय, तिच्या हसण्यात आताच विरजण कशाला घालायचं? असं सगळं तिनं स्वतःला समजावलं, आणि पदरानं हात पुसत मांडवात गेली.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना तिला मांडवाच्या टोकाला शफी दिसला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली. तो एवढंच म्हणाला, "पहाटं." धोंडाबाईच्या तोंडातून शब्द आले ते असे, "जेवून जावा." शफीनं टोपी डोक्यावर घातली आणि न जेवता निघून गेला. ते दोन शब्द धोंडाबाईला पुढे कित्येक वर्षं घास गिळताना आठवत राहिले.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणी झाली. सगुणा नणंदेच्या गळ्यात पडून अशी रडली की नवरीपेक्षा हिचंच रडणं लोकांच्या लक्षात राहिलं. गाडी वळणाआड गेली आणि धोंडाबाईनं तिला माजघरात नेऊन, हात हातात घेऊन सांगितलं, "सगुणा, तुझा बाप गेला गं."

मंदासाठी आलेलं पाणी अजून सगुणाच्या गालावर होतं. ती म्हणाली, "कवा?"

"आज पहाटं."

"मला बोलावलं न्हाई?"

इथं धोंडाबाई खरं बोलू शकली असती. शब्द जिभेवर होते. पण काल दाबलेला निरोप आज काढायचा तर तोंड दाखवायला जागा राहत नव्हती. "एकाएकी गेला पोरी. निरोप कुठनं यायचा," ती म्हणाली.

"म्हंजी रागातच गेलं," सगुणा म्हणाली. तिनं गाल पुसले, बाहेर गेली आणि वाऱ्यानं उडालेल्या पत्रावळी गोळा करायला लागली. धोंडाबाई तिच्याकडे बघत दारात उभी राहिली.

मानसिंगनं टेम्पो काढून तिला संध्याकाळी वेल्ह्याला पोचवलं तेव्हा सगळं उरकलं होतं. भिमा दारात बसला होता. आदल्या दिवशी आपण स्वतः फोन केला, तरी ही नणंदेच्या हळदीत नाचत बसली, हे त्याच्या डोक्यात. तो म्हणाला, "आता आलीस व्हय?" सगुणा म्हणाली, "कळलं तवा आले." तिनं खरं तेच सांगितलं, पण भिमाला ते धडधडीत खोटं वाटलं. त्यानं तोंड फिरवलं. आपल्या भांडणामुळे भाऊ तोडून वागतोय, असं सगुणाला वाटलं. बहीणभावाचा अबोला पडला तो तिथं.

परत आल्यावर धोंडाबाईनं आपली सगळी विद्या पणाला लावली. "तुझ्या आप्पांना कालवणात काय लई आवडायचं गं?" "ठावं न्हाई, आत्याबाई." "गुरामागं जाताना शीळ घालायचा म्हनं?" "आसंल. चहा टाकू?" आणि हसायची. ते हसणं पूर्वीचं नव्हतं. ओठ तेवढे हलायचे. पण गावाला एवढं कुठलं कळायला? अशी समजूतदार सून मिळायला नशीब लागतं, लोक म्हणाले. बाप गेला तरी घरात डोळ्याला पदर लावला नाही, भांडण नाही, उलट उत्तर नाही, सदा हसतमुख. बायका धोंडाबाईला म्हणायच्या, "तुमी सुकी हायसा." आणि धोंडाबाईला भर बाजारात कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं व्हायचं.

शाण्णव साली सगुणाला मुलगी झाली. भोरच्या दवाखान्यात ती कळा सोसताना एकदाही ओरडली नाही. नर्स कौतुकानं सांगत आली, तेव्हा धोंडाबाई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मुलीचं नाव हौसेनं शेफाली ठेवलं. मानसिंग कापूरहोळला गॅरेजवर होता. आमच्या घरात तांब्यालाही आवाज नाही, असं तो मित्रांना अभिमानानं सांगायचा, पण काम संपल्यावरही ढाब्यावर तास-दीड तास बसून यायचा.

धोंडाबाईनं मयताला जाणं सोडलं. बोलावणं आलं की म्हणायची, "गुडघं धरल्यात." एकदा गेली होती, हात हातात घेतला होता, आणि तोंडातून शब्दच फुटला नव्हता. आपण कुठल्या तोंडानं दुसऱ्याला रड म्हणायचं, असं तिला वाटलं. निरोप रोज मनात म्हणायची, देवाचं नाव घ्यावं तसा. सगीला म्हनावं, म्या रागावलो न्हाई. एकडाव येऊन जा. आज सांगू, उद्या सांगू. सणाला नको, सुगी उरकू दे, पोर लहान आहे. कारणं काही कमी पडत नाहीत. आणि खरं कारण एकच होतं, ती भ्यायली होती. सांगितलं तर ही निघून जाईल, लेकाचा संसार मोडेल, आणि म्हातारपणी आपल्याला पाण्याला विचारणारं कुणी राहणार नाही.

मग एक दिवस शेफाली अंगणात पडली. सहा वर्षांची पोर, गुडघा चांगला फुटला, रक्त आलं. तिनं रडायला तोंड उघडलं तोच सगुणा म्हणाली, "काय न्हाई झालं. हस बरं." पोरीनं आईकडे बघितलं, तोंड मिटलं आणि हसली. ओठ तेवढे हलले. हुबेहूब आईसारखं हसू. धोंडाबाईनं ते ओसरीवरून बघितलं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत शफी घरी आला. केस पिकलेले, दुकान आता भावाच्या मुलाकडे. सगुणा विहिरीवर गेली होती. तो ओसरीच्या कडेला टेकला.

"काकी, म्या आन् खुर्शिदा हजला चाललोय. जायच्या आदी समद्या गावाची माफी मागायची रीत हाय आमच्यात. कहासुना माफ करा म्हनायचं, मग निगायचं. समदी घरं झाली. हे ऱ्हायलंय."

"माफ केलं बाबा. तुमचं काय चुकलंय?"

"तुमची न्हवं काकी. वहिनींची मागायचीय." त्यानं मान खाली घातली. "त्या लग्नानंतर वहिनी दुकानावर आल्या व्हत्या. माझ्याशी अशा हसून बोलल्या, की तवाच म्या वळखलं, तुमी सांगितलं न्हाई. निरोप माझ्याकडं आलावता. मी तो दुसऱ्याच्या हातात दिला आन् नऊ वर्सं गप बसलो. माफी मागायची तर कशापायी ते सांगावं लागतं. मोगम माफी वर पोचत न्हाई. शुक्रवारी निगतोय. गुरुवारी येतो. तवर तुमी सांगा. न्हाईतर मला सांगावं लागंल."

त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी धोंडाबाईनं मंदाकडे निघून जायचं ठरवलं, पिशवीही भरली आणि परत सोडली. बुधवारी सकाळी सगुणा ओसरीवर सुपात तांदूळ निवडत होती. शेफाली बाजूला पाटी घेऊन बसलेली. धोंडाबाई समोर येऊन बसली.

"सगुणा, तुज्या बापाचा निरोप आला व्हता."

सगुणाचा हात सुपात थांबला.

"मंदाच्या हळदीदिशी. सकाळी. शफी घेऊन आलावता. तवा तुजा बाप जिता व्हता. म्या तुला सांगितलं न्हाई. लगीन मोडंल म्हनून दाबला. मागनं इचारलंस तवा खोटं बोलले."

"काय निरोप?" सगुणानं विचारलं.

"'सगीला म्हनावं, म्या रागावलो न्हाई. एकडाव येऊन जा.'"

सगी या नावानं तिला त्या घरात कधी कुणी हाक मारली नव्हती, ते माहेरचं नाव होतं. धोंडाबाई वाट बघत होती, सगुणा शिव्या देईल, सूप अंगावर फेकेल. फेकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. सगुणानं सूप बाजूला ठेवलं, आत गेली, घोंगडी आणून पडवीच्या कोपऱ्यात अंथरली आणि भिंतीला टेकून बसली.

"चूल तुमी बगा," ती म्हणाली. "देवाला दिवा तुमी लावा. मला आजपास्नं तीन दिस सुतक हाय."

"अगं, नऊ वर्सं झाली त्याला—"

"मला आज कळलं. ऐकल्यापास्नं सुतक. साऱ्या गावाला तुमीच सांगता न्हवं?"

आणि मग ती रडली. आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला, मग तो फुटला. "आप्पा, म्या आले आसते वो! अनवाणी पळत आले आसते!" म्हणत तिनं भिंतीवर डोकं आपटलं. शेफाली घाबरून आईला बिलगली आणि तीही मोठ्यानं रडायला लागली, गुडघ्याचं, पाटीचं, कशाकशाचं कोण जाणे, आणि या वेळी तिला कुणी हस म्हणालं नाही. धोंडाबाई पुढे होऊन हात धरायला गेली. आयुष्यभर तिनं तेवढंच केलं होतं. पण सगुणानं हात मागे घेतला. धोंडाबाई उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

रडणं ऐकून बायका यायला लागल्या. प्रत्येकीला पायरीवरून जावं लागत होतं आणि जी ती तिलाच विचारत होती.

"कोन गेलं वो?"

"कोंडिबा. सगुणाचा बाप."

"आवो, त्यो तर कवाच गेला की!"

"गेला. म्या आज सांगितलं. त्यानं बोलावलं व्हतं, त्ये दाबून ठेवलं व्हतं म्या."

पहिल्यांदा सांगताना तिची जीभ टाळ्याला चिकटली. पाचव्यांदाही सोपं गेलं नाही. गेनबाची बायको आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "धोंडाबाई, तुमी?" एवढंच. आणि पदर सावरून तिला ओलांडून आत गेली.

संध्याकाळी मानसिंग आला, त्यालाही सांगावं लागलं. तो सरळ आत गेला. कोपऱ्यात बायकोपासून हातभर अंतरावर बसला आणि तिच्याबरोबर रडला. त्यानंतरचे दोन दिवस तो गॅरेजला गेलाच नाही.

गुरुवारी शफी आला. अंगणातच उभा राहिला, आत पाऊल टाकलं नाही. "वहिनी, निरोप तुमच्याच हातात द्यायला पायजे व्हता. माझी चूक झाली. माफ करा."

सगुणा पडवीतून म्हणाली, "तुमी काम टाकून पळत आलावता, शफीभाऊ. माझा काय राग न्हाई तुमच्यावर. जावा सुकानं. तितं माझ्या आप्पांपायी बी हात जोडा."

शफीनं डोळे पुसले आणि गेला. धोंडाबाई चुलीपाशी ऐकत होती. आता आपल्याला काही म्हणेल, म्हणून तिनं फुंकणी खाली ठेवली, कान टवकारले. पण पडवीतून फक्त शेफालीशी बोलणं ऐकू आलं.

तीन दिवस धोंडाबाईनं पिठलं-भाकरी केली, शेजारीपाजारी मयताच्या घरी नेऊन देतात तशी, ताट हातभर लांब ठेवून ती बाजूला व्हायची. सगुणा जेवायची, रडायची, शेफालीला आजोबांच्या गोष्टी सांगायची. ते शीळ कशी घालायचे, करवंदांच्या पाट्या घेऊन मे महिन्यात एसटीनं कसे यायचे, कालवण तिखटजाळ नसेल तर ताटावरून कसे उठायचे. तिला सगळं ठावं होतं. एकदा कोंडिबा बैलाऐवजी पावण्याच्याच घोंगडीला दावं बांधून आला होता, ते सांगता सांगता तिला हसू फुटलं. ते पूर्वीचं हसणं होतं, शेजारच्या आळीत जाणारं. चुलीपाशी धोंडाबाईनं तोंडात पदर कोंबला.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगुणानं हाक मारली. "आत्याबाई. निरोप परत सांगा."

धोंडाबाईनं सांगितला.

"जसाच्या तसा?"

"जसाच्या तसा. एक शब्द हिकडचा तिकडं न्हाई."

"आनखी एकडाव सांगा."

धोंडाबाईनं चार वेळा सांगितला. प्रत्येक वेळी सगुणाचा चेहरा कळ आल्यासारखा पिळवटायचा, आणि तरी ती पुन्हा मागायची.

चौथ्या दिवशी सगुणानं न्हाऊन लुगडं बदललं आणि म्हणाली, "चला वेल्ह्याला. भिमाला तुमी सांगायचं. म्या सांगितलं तर त्याला खोटं वाटंल." दोघी भोरला आल्या, कापूरहोळला गाडी बदलली, नसरापूरवरून वेल्ह्याला पोचल्या. भिमा खळ्यात होता. धोंडाबाईनं उभ्या उभ्याच सांगितलं, सुरुवातीपासून, काही न वगळता. भिमाचं तोंड काळंठिक्कर पडलं. तो बहिणीकडे वळला आणि म्हणाला, "सगे, मला वाटलं तू—" पुढे त्याला बोलवेना. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि दोघं रडत घरात गेली. धोंडाबाईला कुणी बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. त्या घरावर तिचा तेवढाही हक्क उरला नव्हता, हे तिला मान्य होतं. आतलं रडणं थांबेपर्यंत ती खळ्यात उन्हात उभी राहिली.

परतीच्या गाडीत दोघी एकाच बाकावर बसल्या. मार्गासनी गेल्यावर सगुणा खिडकीतून तोंड न वळवता म्हणाली, "मला तुमचा राग हाय, आत्याबाई. लई हाय. कवा जाईल म्हाईत न्हाई."

"ऱ्हाऊ दे, पोरी," धोंडाबाई म्हणाली. "दाबू नगंस."

सगुणानं तिच्याकडे बघितलं आणि मग बोलायला लागली. कापूरहोळ येईपर्यंत ती बोलत होती, एकेक शब्द विंचवासारखा, पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायला लागली तरी थांबली नाही. धोंडाबाईनं हातातल्या पिशवीकडे बघत सगळं ऐकून घेतलं.